नाणं ज्याच्या हातात

माझा भाऊ मर्ल आणि मी एकतीस वर्षं एकाच छताखाली बसत आलो, आणि एकतीस वर्षांत आमच्यात सरळ असा एक शब्द गेला नाही. छत फायर हॉलचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन्ही बंब बाहेर रस्त्याकडेला नेऊन उभे करतात. आत घडीची टेबलं लागतात, टेबलांवर काळी मखमल, मखमलीवर दिवा, दिव्याखाली नाणी. मर्लचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, माझं बंबांच्या मोठ्या फाटकाशी. त्याला कोंबडी-मक्याच्या सूपचा वास, मला बोचरा वारा. मध्ये चाळीसेक टेबलं. निरोप मात्र जात-येत.

“लॉइड, त्या फाटकाजवळच्या बाईला सांग, तिचा दिवा माझ्या डोळ्यांत येतो.”

“लॉइड, त्याला म्हणावं, डोळे असते तर बरंच काही दिसलं असतं.”

लॉइड झीगर आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचा अध्यक्ष. मोठ्या कानांचा, हळू चालणारा म्हातारा. एका टोकाचं विष दुसऱ्या टोकाला न सांडता नेणं हे त्याचं रविवारचं काम होऊन बसलं होतं.

भांडणात चोवीस नाणी होती. आमचे वडील एलाम हॉस्टेटर घोड्यांचे साज शिवायचे. आजूबाजूचे, मोटारीऐवजी घोडागाडी हाकणारे आमिश शेतकरी लगाम न्यायला, पट्टे सांधायला त्यांच्याकडे येत. सहा दिवस हात चामड्यात, सातव्या दिवशी दुपारी सोन्यात. पाच डॉलरचं, पिसांचा टोप घातलेल्या अमेरिकन इंडियनच्या डोक्याचं नाणं, १९०८ पासून १९२९ पर्यंतचं, सगळ्या सालांचं, सगळ्या टांकसाळींचं. मोजून चोवीस तऱ्हा. दुसऱ्या नाण्यांवर चेहरा उंच असतो आणि भोवतालचं मैदान खोल. या नाण्यात सगळं उलटं. चेहराच सपाटीच्या आत बुडालेला, गोठलेल्या तळ्याच्या बर्फाखाली कुणी निजल्यासारखा. चोविसांत न्यू ऑर्लिन्सचं एकच, १९०९ सालचं. मागच्या बाजूला बाणांच्या टोकाशी एक बारीक ‘ओ’, तांदळाच्या कणीएवढा. त्या कणीसाठी बाबांनी नऊ वर्षं वाट पाहिली.

एकतीस वर्षांपूर्वी मरताना त्यांनी लिहून ठेवलं, सालाच्या क्रमाने एक आर्लीनचं, एक मर्लचं. म्हणजे सगळी बघायची झाली तर पोरांना पेट्या जोडून एका टेबलाशी बसावं लागेल. थोरली म्हणून पहिलं मला. पण क्रम असा निघाला की सहावं, ते न्यू ऑर्लिन्सचं, मर्लकडे. शेवटचं, १९२९ चं, तितकंच दुर्मिळ, तेही मर्लकडे. माझ्याकडे आलं पाचवं, १९०९ चं डेन्व्हरचं, जे सात बाजारांत सात ठिकाणी मिळतं.

पेट्या कधी जोडल्या गेल्या नाहीत. मर्लने आपली नाणी एकेक करून विकायला काढली. दोन-तीन वर्षांनी एक. “तिला सोडून कुणालाही,” असं तो उघड म्हणायचा. मी प्रत्येक नाण्याच्या मागे गेले. कधी ओहायोच्या दलालाकडून, कधी एका दंतवैद्याच्या विधवेकडून, तीनदा तर लॉइडलाच पुढे करून. अकरा गेली, अकरा मी फिरून घरी आणली. माझ्या पेटीत तेवीस खळगे भरले होते. सहावा रिकामा होता. मखमलीतला तो गोल मी रोज पाहायची. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते, तशी माझी नजर तिथेच जायची.

बाजारात ‘ओ’ची दुसरी नाणी नव्हती असं नाही. पण मला नाणं नको होतं. मला बाबांचं नाणं हवं होतं.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी मी दिवा लावत होते, तेवढ्यात लॉइड आला. त्याच्या हातात दोन खारे प्रेट्झेल होते, एक त्याने माझ्यापुढे ठेवला. काही वाईट सांगायचं असलं की तो आधी खायला द्यायचा.

“मर्लने ‘ओ’ आणलंय,” तो म्हणाला. “बाल्टिमोरचे डेलाप्लेन येतायत अकराला. फोनवर किंमत ठरलीय. फक्त पाहायचं आणि न्यायचं.”

“पाहिलं नाही ना अजून त्यांनी?”

“नाही.”

“हातात घेतलं नाही ना?”

“आर्लीन,” लॉइड म्हणाला, “काही करू नकोस बाई. आज सूप चांगलं झालंय.”

आमच्याकडे लिहिलेले नियम थोडे, पाळलेले पुष्कळ. त्यांतला पहिला असा: नाणं ज्याच्या हातात, बोलणं त्याचं. एकाने नाणं उचललं की ते मखमलीवर परत ठेवेपर्यंत दुसऱ्याने त्यात तोंड घालायचं नाही. भाव विचारायचा नाही, जवळ रेंगाळायचं नाही, खोकायचंसुद्धा दूर जाऊन. विकणाऱ्यालाही ते दुसऱ्याला देता येत नाही. फोनवर कुणाला काय बोलला असेल ते असो. हातापुढे फोन नाही.

मी चाळीस टेबलं ओलांडली. माझी चाहूल लागली तशी बाजूची बोलणी एकेक करून मिटत गेली. मर्ल खाली मान घालून भिंग पुशीत होता. सहासष्ट वर्षांचा झाला, तरी कानामागचे केस लहानपणीसारखेच उभे. त्याने वर पाहिलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी माझ्याच तोंडावर बोलला.

“वाट चुकलीस का? पैशांच्या थैल्या तिकडे, फाटकाजवळ ठेवतात.”

“ओ दाखव.”

“ठरलेलं आहे.”

“हातात कुणाच्या आहे?”

तो हसला. बाबा गिऱ्हाइकाला तुटका पट्टा परत देताना हसायचे, तसं. त्याने मागच्या डब्यातून प्लॅस्टिकचं लहान पाकीट काढलं, नाणं मखमलीवर सरकवलं आणि पाकीट खिशात घातलं. आजकाल सगळी नाणी काचेसारख्या कडक डबीत सीलबंद असतात. मर्लने ते कधी केलं नाही. सोनं उघडं, दिव्याखाली, आणि त्याला धरायला माझी बोटं.

“घे,” तो म्हणाला. “अकरा वेळा दुसऱ्यांच्या हातांनी घेतलंस. बारावं स्वतःच्या हाताने घे. मला कळलं नाही असं वाटलं तुला? हा लॉइड माझ्याकडून १९२९ चं नेताना घामाने भिजला होता. जानेवारीत!”

लॉइड माझ्यामागे येऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले.

मी नाणं उचललं. कडेने. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये सोनं. आमच्या घरात चमचा धरायच्या आधी हे शिकवलं होतं. नाण्याला कड असते ती धरण्यासाठी, तोंड असतं ते पाहण्यासाठी. नाण्यावर बोलायचं नाही, थुंकीचा कण उडतो. तोंड वळवून बोलायचं. म्हणून आम्ही दोघं बोललो ते असे: नाणं आमच्यामध्ये, मी भिंतीकडे तोंड करून, तो स्वयंपाकघराकडे. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोघं अनोळखी माणसं आपापल्या मनाशी पुटपुटतायत.

“किंमत बोल,” मी म्हणाले.

“बोलतो की. घाई कसली? आधी पाहा. नीट पाहा. मला वेळ आहे.”

“डेलाप्लेन येतील.”

“थांबतील. हातातलं नाणं आहे. मी नियम मोडत नाही. मोडल्याचं नाव माझ्यावर आहे तेवढं पुरे.”

माझी बोटं संधिवाताची. सकाळी कॉफीचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. मर्ल ते पाहत होता. त्याने आपली खुर्ची ओढली आणि आरामात बसला. मला खुर्ची दिली नाही.

“दुखतंय का?”

“नाही.”

“खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो. तेव्हाही झाला होता.”

‘तेव्हा’ म्हणजे १९६६. मी सतरा वर्षांची, मर्ल चौदाचा. एका रविवारी बाबांनी ‘ओ’ दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चेहऱ्याच्या पुढच्या सपाटीवर तेलकट डाग होता, कुणीतरी बोट टेकवल्यासारखा. ताजा. त्यांनी मऊ कापडाने टिपून पाहिला, पण सोन्याला टिपून काय होतं? त्या सोन्यात दहावा हिस्सा तांबं असतं. बोटाचं तेल तांब्यात मुरतं, आणि वर काही दिसेनासं झालं तरी आत आत उगवत राहतं. पंधरा वर्षांनी, वीस वर्षांनी ठसा तपकिरी होऊन वर येतो.

बाबांनी नाण्यांचं कपाट कोणी उघडलं ते विचारलं. आवाज चढवला नाही, तो त्यांनी कधीच चढवला नाही. मी भांडी पुशीत होते. मी म्हणाले, “मर्ल.”

मी त्याला कपाटाजवळ पाहिलं नव्हतं. पण मला ती किल्ली हवी होती, रविवारी कपाट उघडायला शेजारी बसणाऱ्या पोराला मिळायची ती. रविवारी बाबांच्या शेजारच्या खुर्चीत एकच पोर बसायचं. त्या वर्षी बाबा मर्लला बसवायला लागले होते. बस्स, एवढंच.

त्या दिवसापासून मर्ल त्या टेबलाशी बसला नाही. बाबांनी त्याला मारलं नाही, बोलले नाहीत. नाणी बाहेर निघाली की ते फक्त त्याच्याकडे पाहायचे, आणि तो उठून अंगणात जायचा. आई धुणं वाळत घालताना आमच्या बोलीत गुणगुणायची, कुणाला ऐकवायला नव्हे, पण ऐकू जाईल इतपत:

*सोनं निजविलं पेटीत, पोर उभं राही दारात,*
*दिवा लावू कुठं बाई, उजेड नाही घरात.*

अकराला डेलाप्लेन आले. उंच, करडा कोट, हातात चामड्याची बॅग. माझ्या बोटांत नाणं पाहून ते दोन पावलं मागे सरले आणि शेजारच्या टेबलावरची तांब्याची सेंटं पाहायला लागले. सभ्य माणूस. सेंटांत त्यांना कवडीचा रस नव्हता.

“हे तिकडचे गृहस्थ,” मर्ल मला म्हणाला, “तुझ्यापेक्षा बरे. परके आहेत.”

“किंमत बोल, मर्ल.”

“पाहिलंस का नीट?”

तोपर्यंत मी पाहिलं नव्हतं. धरलं होतं, पण पाहिलं नव्हतं. नजर त्याच्याकडे होती, अंगठ्याच्या ठणक्याकडे होती, त्या रिकाम्या खळग्याकडे होती. आता मी डाव्या हाताने गळ्यातलं भिंग डोळ्याशी नेलं, श्वास अडवला आणि नाणं दिव्याखाली तिरकं केलं.

ठसा वर आला होता.

इंडियनच्या नाकासमोरच्या सपाटीवर, तांब्याच्या रंगाचा, एकाआत एक वळणं. नांगरलेल्या शेतासारखा. आणि त्या वळणांना आडवी छेदून जाणारी एक कोरी वाट, जिथे काहीच उमटलं नव्हतं. एका बाजूने जाड, दुसरीकडे निमुळती.

बाबांच्या डाव्या अंगठ्यावर तशी चीर होती. मी चार-पाच वर्षांची असताना साज कापायची अर्धगोल सुरी घसरली होती. जखम भरली, पण चिरेवर कातडीच्या रेषा पुन्हा कधी उगवल्या नाहीत. तो अंगठा माझ्या कपाळावरून हजार वेळा फिरला होता. ताप पाहायला, केस मागे सारायला. मी अंधारातही ओळखला असता.

भिंग माझ्या हातून सुटलं आणि साखळीला लोंबकळत छातीवर आपटलं. नाणं सुटलं नाही.

“त्र्याण्णवला पहिली वळणं दिसली,” मर्ल म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. “मला वाटलं, माझीच असतील. आपण लहानपणी खरंच हात लावला असेल, विसरलो असू. सत्तावीस वर्षं सगळं घर एक गोष्ट म्हणत आलं की माणूस मानायला लागतो. रोज रात्री माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवून पाहायचो. बायको म्हणायची, पोलिसांत नोकरी लागली का? मग दोन हजार एकच्या सुमाराला चीर वर आली.”

“सतरा वर्षं,” मी म्हणाले. “सतरा वर्षं तुला माहीत होतं.”

“तुला बावन्न वर्षं माहीत होतं की तू काही पाहिलं नव्हतंस.”

मी भिंतीकडे पाहत राहिले. भिंतीवर अग्निशमन दलाच्या जुन्या जवानांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या शेजारी आमच्या मंडळाची पाटी. पाटीवर पहिलं नाव बाबांचं. मंडळ त्यांनीच सुरू केलं. या हॉलमधल्या निम्म्या माणसांना नाणं कडेने धरायला त्यांनी शिकवलं. ‘एलामचा हात’ अशी म्हणच आहे आमच्यात. ज्याचा हात स्वच्छ, त्याला म्हणतात.

मर्ल उभा राहिला. आता तो मोठ्याने बोलायला लागला, तोंड वळवलेलं होतं तरी.

“किंमत ऐकायची ना तुला? ऐक. डेलाप्लेनसाहेब फोनवर बोलले तेवढीच. एक डॉलर वर नाही. वर एवढंच कर, हा ठसा कोणाचा ते सांग. इथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सांग, आणि घेऊन जा.”

स्वयंपाकघरातल्या बायकांनी पळ्या खाली ठेवल्या. डेलाप्लेन सेंटांवर आणखी वाकले.

“हे काय आहे मर्ल?” लॉइड म्हणाला. “ही किंमत आहे का?”

“माझं नाणं, माझी किंमत. नियमात बसत नसेल तर सांग.”

लॉइड मागे सरला. बसत होतं.

माझ्या अंगठ्यात आता कळ नव्हती, बधिरपणा होता. तेवीस खळगे भरलेले, एक रिकामा. एक शब्द बोलायचा, की भरला. आणि तो शब्द बोलायचा तर पाटीवरच्या पहिल्या नावावर, त्या तपकिरी वळणांसारखाच, कधी न निघणारा डाग पडणार. बाबांना ठाऊक होतं का? त्यांनी बोट टेकवलं आणि विसरले, की टेकवलं आणि लपवलं? चौदा वर्षांच्या पोराकडे इतकी वर्षं पाहत राहिले तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? ते मला कळणार नव्हतं. या हॉलला तर कळायची गरजच वाटणार नव्हती. या हॉलने फक्त म्हण बदलली असती.

“सांग,” मर्ल म्हणाला.

“माझा,” मी म्हणाले.

आवाज गोड झाला. मला स्वतःला ऐकू आला.

“काय?”

“माझा ठसा आहे. मी हात लावला होता. तुझ्यावर ढकललं. तू निर्दोष आहेस. झालं? सगळ्यांनी ऐकलं? मर्ल निर्दोष आहे. आता दे.”

मला वाटलं होतं, त्याला हेच हवं असेल. भावाला बावन्न वर्षांचं देणं फिटल्याचं समाधान, बापाचं नाव स्वच्छ, नाणं घरात. एका शब्दात तिन्ही. बहिणीने आपल्या अंगावर घेतलं की कुठल्याही गोष्टीतला भाऊ विरघळतो.

मर्लचा चेहरा पांढरा पडला.

“अजून,” तो म्हणाला. “अजून त्यांनाच वाचवतेस.”

“मर्ल...”

“मला सुटका नको होती तुझ्याकडून. सुटका मी सतरा वर्षांपूर्वी या भिंगातून घेतली. मला खरं हवं होतं. एकदा. तुझ्या तोंडून. तेवढंसुद्धा तुला परवडलं नाही. इतकं सोनं जमवलंस, आणि एक खरा शब्द नाही तुझ्या गाठीला!” तो लॉइडकडे वळला. “लॉइड, तुझं भिंग काढ. हिचा अंगठा पाहा आणि तो ठसा पाहा. तुला बाबांनी शिकवलंय, तू ओळखशील.”

लॉइड पुढे झाला. माझ्या बोटांतल्या नाण्यावर वाकला, बराच वेळ. श्वास बाजूला सोडत होता. मग सरळ झाला आणि भिंग खिशात ठेवलं. माझा अंगठा पाहायला त्याने मागितला नाही. तो कोणाकडेच न पाहता म्हणाला, “सूप निवत असेल.”

त्याने ओळखलं होतं. आणि त्याच्या न बोलण्यावरून जवळच्या चार-सहा जुन्या माणसांनीही ओळखलं. मी ज्याला झाकलं ते असं, माझ्या डोळ्यांदेखत, टेबलाटेबलाने उघडं होत गेलं.

“शेवटचं विचारतो,” मर्ल म्हणाला. “कोणाचा?”

मी बाबांचं नाव घेऊ शकले असते. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणणं सोपं आहे. जीभ मोकळी होती. पण सगळ्यांना कळलेलं असलं तरी कोणी म्हटलेलं नव्हतं. म्हणणारी मी होणार होते.

“माझा,” मी म्हणाले.

“नाही विकत. ठेव.”

नियम इथेही नियमच. विकणारा नाही म्हणाला की हात रिकामा करायचा. मी नाणं मखमलीवर टेकवलं, पण बोटं सुटेनात. अंगठा आकडीने वळला होता. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवावी लागली. कुणी मदत केली नाही, आणि करायला आलं असतं तर मी करू दिली नसती.

डेलाप्लेन पुढे आले. मला मान लववून त्यांनी नाणं उचललं. सुरेख धरलं, कडेने, जणू फुलपाखराचे पंख. भिंगातून पाहिलं आणि ओठ आवळले.

“ठशाचं तुम्ही फोनवर बोलला होतात. वाटलं त्यापेक्षा ठळक आहे.”

“आहे तसं आहे,” मर्ल म्हणाला.

“हरकत नाही. बाल्टिमोरला माझा एक माणूस आहे. असल्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. महिन्याभरात असं करील की इथे कधी काही होतं असं कुणी म्हणणार नाही.”

मी मर्लकडे पाहिलं. तो मखमलीकडे पाहत होता. त्याच्या बाजूने साक्ष देणारी एकच गोष्ट या जगात होती, आणि ती पुसली जाणार होती. माझ्या कपाळावरून फिरलेला अंगठा पुसला जाणार होता. तो का बोलत नव्हता?

“एलाम हॉस्टेटरचा आहे तो,” मी म्हणाले.

मी ओरडले असेन. फाटकाजवळची माणसंसुद्धा वळली.

“आमच्या वडिलांचा अंगठा आहे. त्यांनी हात लावला होता. मर्लने कधी लावला नाही. मी खोटं बोलले. तेव्हाही, आत्ताही. काढू नका तो. साहेब, ऐकताय का? काढू नका.”

लॉइड माझ्याजवळ आला, माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच, दुखेल इतक्या मऊपणे म्हणाला, “आर्लीन, नाणं त्यांच्या हातात आहे.”

मर्लने डोकं वर केलं. मला वाटलं होतं त्याच्या डोळ्यांत पाणी असेल. नव्हतं. कोरडे ठणठणीत होते, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की ते बाबांसारखे आहेत.

“बोललीस,” तो म्हणाला. “ऐकलं मी. सोनं हातात होतं तेव्हा हे सुचलं नाही. आता पुसलं जाणार म्हटल्यावर सुचलं.” मग डेलाप्लेनकडे वळून, “विकलं, साहेब. तुमच्या माणसाला द्या, काढू दे.”

“मर्ल, तुझं नाव त्याच्यानेच तर...”

“माझं नाव? ते लॉइड वाकला तेव्हाच या जुन्यांना कळलं; तुझ्या बोलण्याने नव्याने कोणाला काय कळलं, विचार जरा. एकतीस वर्षं मी पुरावा सांभाळला. आता पुरेसा झाला. मला रोज त्यांचा अंगठा बघायचा नाहीय.”

डेलाप्लेननी चामड्याची बॅग उघडली, नवं पाकीट काढलं, नाणं आत सरकवलं. मग एक लहान पांढरं कार्ड घेतलं आणि खिशातून पेन काढलं. जाणती माणसं नाण्याबरोबर त्याची वंशावळ लिहून ठेवतात: कोणाकडून आलं, त्याच्याआधी कोणाकडे होतं. शंभर वर्षांनी कुणी ते उचललं की आधी ती नावं वाचतो. बाबांचं नाव त्या कार्डावर यावं, एवढ्यासाठी काही माणसांनी जास्तही मोजले असते.

“आधीचे मालक,” डेलाप्लेन म्हणाले. “मर्ल हॉस्टेटर. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि त्यांच्याआधी?”

मर्ल मखमल झटकत होता. कुठे काही पडलेलं नव्हतं, तरी झटकत होता.

“त्याच्याआधी कोणी नाही,” तो म्हणाला.

पेन थांबलं. डेलाप्लेननी माझ्याकडे पाहिलं, मग लॉइडकडे. लॉइडने आपल्या बुटांकडे पाहिलं. पाटीवरचं पहिलं नाव तिथून सरळ दिसत होतं, कुणालाही वाचता आलं असतं. मी तोंड उघडलं.

“बोल ना,” मर्ल म्हणाला. “कोणाचं नाणं होतं ते सांग. मग त्याच्यावर बोट कोणाचं होतं तेही लिहायला सांग. एक सांगितलंस की दुसरं आलंच.”

मी तोंड मिटलं.

डेलाप्लेननी कार्डावर एकच नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते थोडं थांबले. त्यांचं अक्षर सुंदर होतं.